सांगा, काय दिसतंय?

वाल्डरोडा लोकवेधशाळा मंडळाची मी चिटणीस. सव्वीस वर्षांत मी एकही इतिवृत्त उशिरा दिलेलं नाही. हे कोणी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

आमची वेधशाळा टेकडीवर आहे, गावकऱ्यांनी भाड्याने घेतलेल्या भाजीच्या बागांच्या वसाहतीच्या वरच्या अंगाला. घुमट आमच्या आधीच्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी राबून बांधला, कारखान्यातून उरलेल्या पत्र्याचा. पगारी माणूस एकही नाही. ज्याच्याकडे किल्ली तो घुमट उघडतो, दुर्बीण लावतो, लोकांना दाखवतो आणि जाताना कपबशा विसळतो. शुक्रवारी संध्याकाळी तारे आणि रविवारी दुपारी तीन ते पाच सूर्य. 'सूर्य हाही ताराच' अशी पाटी दारावर लावावी लागली, कारण दर रविवारी कोणीतरी विचारायचंच की दिवसाढवळ्या कसले तारे दाखवता.

शुक्रवार माझा, रविवार हेर मेत्सनर यांचा. 'हेर' म्हणजे आमच्या जर्मनमध्ये श्रीयुत, तशी मी 'फ्राउ' पोले. वय पंचाहत्तर, लोकरीची टोपी बारा महिने. १९८१ पासून ते आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्यावरचे डाग मोजत आले आहेत. गट किती, डाग किती, वहीत तारीख, वेळ, सही. देशभरातून असे आकडे एका केंद्राकडे जातात. आता प्रत्येकाचा डोळा वेगळा. एकाला वीस दिसतात तिथे दुसऱ्याला सव्वीस. म्हणून केंद्र प्रत्येक निरीक्षकाला एक गुणक लावतं, बुटाला नंबर असतो तसा. हेर मेत्सनर यांचा गुणक त्रेचाळीस वर्षं जागचा हलला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

आम्ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करतो. मंडळात बाकी सगळ्यांचं केव्हाच अरे-तुरे झालं आहे. पण आमच्याकडे 'तू' आपोआप होत नाही, ते रीतसर देऊ करावं लागतं, हातात पेला असताना. मोठ्याने लहानाला. ते माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, तेव्हा पाळी त्यांची. मंडळाच्या वर्धापनदिनी आमचा अध्यक्ष लीबशर, हा दातांचा डॉक्टर आहे, सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्ही दोघं अजून अहो-जाहोच का?"

"नियमाप्रमाणे बाईने आधी म्हणायचं असतं," हेर मेत्सनर म्हणाले.

"नियमाप्रमाणे मोठ्याने," मी म्हणाले.

"मग मतदान घेऊ या," लीबशर म्हणाला आणि सगळे हसले. आम्ही दोघं सोडून.

गेल्या वर्षीच्या वसंतात हेर मेत्सनर यांच्यात एक बदल झाला. पूर्वी ते पाहुण्यांसमोर एका दमात वीस मिनिटं बोलायचे. मधेच कोणी शिंकलं तर वाक्य पहिल्यापासून सुरू करायचे. आता त्यांनी सांगणंच बंद केलं. लोक दुर्बिणीला डोळा लावायचे आणि हे बाजूला उभे राहून एवढंच म्हणायचे, "सांगा, काय दिसतंय?" मग किती? कुठे? एकेकटे की घोळक्याने? कडेला की मधोमध? लोकांना त्याचं वेडच लागलं. ज्यांना आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं अशी माणसं जिना उतरताना लालबुंद होऊन उतरायची. वर्तमानपत्रात फोटोसकट मजकूर आला. लीबशरने ऑक्टोबरच्या सभेत ठराव आणला की यापुढे सर्व मार्गदर्शकांनी 'मेत्सनर पद्धत' वापरावी. एकमताने मंजूर झाला.

मी माझ्या शुक्रवारी एका गृहस्थांना ठरावाप्रमाणे विचारलं, "सांगा, काय दिसतंय?"

ते म्हणाले, "काळोख."

पुढे काय विचारायचं ते ठरावात नव्हतं.

मे महिन्यात केंद्राकडून पत्र आलं. टपाल मीच उघडते. 'आदरणीय निरीक्षक, गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून आपला गुणक स्थिर नाही. उपकरण, जागा किंवा निरीक्षक यांत बदल झाला आहे का? योग्य त्या चौकटीत खूण करून जूनअखेर कळवावे.'

मी कपाटातून वही काढली. अक्षर पूर्वी मुंगीसारखं होतं, ते आता पोरांच्या पाटीवर असतं तेवढं झालं होतं. आकडे तर बघवत नव्हते. सोमवारी बारा डाग, मंगळवारी एकेचाळीस, बुधवारी पंधरा. सूर्य इतका लहरी नसतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की हा माणूस आकडे बनवतो आहे.

आमच्या मंडळात दारू पिऊन घुमटात घोरलं तरी चालतं, हे घडलेलं आहे. पण न पाहिलेलं वहीत लिहिणं चालत नाही. त्याला माफी नाही. आणि जूनच्या सभेत याच माणसाचा नऊ हजार मोजण्यांबद्दल सत्कार ठरला होता, मानपत्र छापून आलं होतं. 'बदल नाही' अशी खूण केली तर मी खोटी. 'बदल आहे' म्हटलं तर त्रेचाळीस वर्षांची माळ तुटणार आणि त्यांच्या हातातली किल्लीही जाणार.

खरं सांगायचं तर मला रागही आलेला होता, आणि तो आकड्यांचा नव्हता. शरदात एकदा बेकरीत ते माझ्या समोरून, हातभर अंतरावरून, ओळख न दाखवता निघून गेले होते. नंतर भाजीबाजारातही तेच. आधीच्या सभेच्या इतिवृत्तात मी 'हेर मेत्सनर चार मिनिटं उशिरा आले' असं लिहिलं होतं, त्याचा हा डूख असणार असं मी धरून चालले. मीही मग मान ताठ केली.

तर त्या रविवारी मी वर गेले, पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले. वेशांतर वगैरे काही नाही, अंगात माझं नेहमीचं हिरवं जाकीट, जे अख्ख्या गावाला पाठ आहे. पुढे एक तरुण जोडपं आणि एक बसचालक होता. बसचालकाने डोळा लावला.

"सांगा, काय दिसतंय?"

"अंड्याचा बलक. त्यावर मिरपूड."

"वा. मिरपूड मोजा."

"सगळी?"

"घाई आहे का? बस सुटतेय?"

बसचालक मोजत बसला. एकोणतीस निघाले. हेर मेत्सनर यांनी वहीत टिपून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"या, या. पहिल्यांदाच आलात का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं! असा टोमणा, तोही पाहुण्यांसमोर! मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांचे डोळे पाहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या कानाच्या जरा पलीकडे बघत होते, अगदी प्रेमळपणे, कानाच्या पलीकडे जणू कोणी उभं असावं.

मी तोंड मिटलं.

"लाजू नका," ते म्हणाले. "चष्मा असेल तर काढा. भिंगावर गाळणी आहे, डोळ्याला काही होत नाही. सांगा, काय दिसतंय?"

मी डोळा लावला. बोलले की आवाज ओळखणार हे मला कळत होतं. तशीच थोडा वेळ वाकून राहिले. खाली बागेत कोणीतरी गवत कापायचं यंत्र चालू केलं, मग बंद केलं.

"सहा गट," मी म्हणाले.

दुर्बिणीच्या चाकावरचा त्यांचा हात थांबला. जोडपं मागे जुन्या वह्यांतली चित्रं बघत होतं. हेर मेत्सनर यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"उजवीकडचा मोठा गट," ते हळूच म्हणाले. "तो एकच आहे का? मधे मोकळी जागा आहे की नाही ते बघा."

"आहे."

"नीट बघा, फ्राउ पोले."

"आहे. चांगली दोन डाग बसतील एवढी."

"मग ते दोन गट. म्हणजे सात." आणि त्यांनी सात लिहिले.

पाच वाजता लोक गेले. त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतली, कपाच्या आत बोट धरून, बोटाला चटका बसला की थांबायचं. मग स्ट्रॉबेरीचा केक कापला, अंगठ्याने माप घेऊन, दोन्ही तुकडे अगदी सारखे. मी वर्षभर हे बघत आले होते आणि मला ते वयाचे चाळे वाटले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नऊ एप्रिल. सकाळी सूर्याच्या मधोमध एक करडा डाग दिसला. एवढा मोठा डाग मी जन्मात पाहिला नव्हता. इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग डोकं वर केलं तर डाग खिडकीवर आला. मग किटलीवर."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मधलं जाणार, कडेचं राहणार. दुसरा डोळा तर आधीच गेलाय. आता माझ्याकडे एक कायमचा डाग आहे, फ्राउ पोले, पण तो मोजायचा नसतो."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही.

"बेकरीत तुम्ही मला ओळख न दाखवता गेलात," मी म्हणाले. एवढं ऐकल्यावरही मला हेच सुचलं, त्याची मला अजून लाज वाटते.

"बेकरीत तुम्ही होतात?"

"हो. आणि नंतर भाजीबाजारातही."

"एक हिरवं काहीतरी होतं खरं. मला वाटलं, कुंडी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. माझ्याशी वार बदलून शुक्रवार घेता आला असता, पण तो त्यांना नको होता, कारण शुक्रवार सोपा. शनी कुठे आहे आणि कसा दिसतो ते कोष्टकात असतं, डोळे मिटूनही दाखवता येतं. सूर्यावरचे डाग मात्र कोणत्याच कोष्टकात नसतात. ते कोणीतरी बघावेच लागतात. म्हणून ते पाहुण्यांना विचारायचे, दोन टोकांचे आकडे सोडून मधला घ्यायचे. पाहुणे नसतील त्या दिवशी बागेतल्या कोणाला तरी हाक मारायचे. बागांच्या वसाहतीतलं प्रत्येक माणूस एकदा तरी वर येऊन गेलं होतं, टपालवाला तर अकरा वेळा.

"टपालवाल्याचा डोळा उत्तम," ते म्हणाले. "एकेचाळीस सांगितले ते टोमॅटोवाल्या शुल्झेने. त्याने भिंगावरची धूळही मोजली."

"म्हणजे तुम्ही आकडे बनवले नाहीत."

"बनवले?" त्यांचा कप बशीवर आपटला. "एकही नाही! प्रत्येक डाग कोणीतरी पाहिलेला आहे. फक्त मी नाही."

मी खिशातून पत्र काढून वाचून दाखवलं. त्यांनी 'निरीक्षक' या शब्दाशी मला थांबवलं.

"उपकरणात बदल, अशी खूण करता नाही येणार?"

"उपकरण तेच आहे."

"हो." बराच वेळ ते टेबलावरचे केकचे कण बोटाने एका जागी गोळा करत राहिले. "आकडे रद्द करायला हवेत. सभेत मीच सांगतो. पण मला इथून जायचं नाही, फ्राउ पोले. घरी एक भिंत आहे आणि एक रेडिओ आहे. इथे निदान लोक मला सूर्य सांगतात."

नियमावलीतलं सातवं कलम आम्हा दोघांनाही तोंडपाठ होतं: दाखवायची वस्तू मार्गदर्शकाने आधी स्वतः पाहून खात्री करून घ्यावी. ते कलम १९९३ साली त्यांनीच सुचवलं होतं.

घरी जाऊन मी सव्वीस वर्षांची इतिवृत्तं बाहेर काढली.

सभा बागांच्या वसाहतीच्या सभागृहात भरली. तेवीस जण हजर. 'एगोन मेत्सनर यांस' असं मानपत्र टेबलावर, चौकटीसकट. लीबशर भाषणाला उठणार तोच हेर मेत्सनर उभे राहिले.

"माझा एक ठराव आहे," ते म्हणाले. "मला गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून मधलं दिसत नाही. नऊ एप्रिलपासूनच्या माझ्या दोनशे त्रेचाळीस मोजण्या रद्द कराव्यात. त्या इतर लोकांनी पाहिल्या आणि सही मी केली."

लीबशरचा आवाज आला, नेहमीच्या निम्मा. "अनुमोदन?"

कोणाचाच हात वर होईना. आमचा सभासद होल्झर खाली बघत होता, टोमॅटोवाल्या शुल्झेने तर बिअरचा पेला तोंडाला लावून तसाच धरला होता.

"अनुमोदन नसेल तर ठराव पडतो," लीबशर म्हणाला. त्याला तो पाडायचाच होता. सगळ्यांनाच तो पाडायचा होता, प्रेमाने, म्हणजे मानपत्रावरचे नऊ हजार शाबूत राहिले असते आणि सगळ्यांनी काही ऐकलंच नाही असं केलं असतं. हेर मेत्सनर उभेच होते, सगळ्यांच्या जरा डावीकडे बघत. त्यांना कोणाचा हात वर आहे की नाही हेही दिसत नव्हतं.

मी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला. एवढा जड हात मी आयुष्यात उचलला नव्हता.

"अनुमोदन पोले," मी मोठ्याने म्हणाले, त्यांना ऐकू जावं म्हणून.

एकवीस जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच म्हाताऱ्याला जिन्यावरून ढकललं होतं. फक्त हेर मेत्सनर यांनी मान हलवली आणि खाली बसले. ठराव मंजूर झाला.

आणि मग होल्झरने, जो मनाने वाईट नाही पण ज्याला गप्प बसता येत नाही, सातवं कलम काढलं. "म्हणजे मला काही म्हणायचं नाही," तो म्हणाला, "पण कलम आहे. ज्याला दिसत नाही त्याने दाखवायचं कसं?"

"माझ्याकडे नोंद आहे," मी म्हणाले, आणि वाचलं. "ऑक्टोबरची सभा, ठराव चौथा. सर्व मार्गदर्शकांनी मेत्सनर पद्धत वापरावी. मार्गदर्शकाने स्वतःला काय दिसतं ते सांगू नये. ज्याने आधी पाहिलं आहे त्याला सांगण्याचा मोह आवरत नाही, सबब त्याने आधी न पाहिलेलंच बरं. सूचक लीबशर, अनुमोदन होल्झर. एकमताने."

"हे मी म्हणालो?" लीबशरने विचारलं.

"शब्दशः."

"मग सातवं कलम?"

"नवा ठराव जुन्या कलमाच्या वर. बदलायचा तर दोन तृतीयांश मतं, आणि तीन आठवडे आधी लेखी सूचना. कोणी दिली आहे का सूचना?"

कोणी दिली नव्हती. होल्झर उलट खूशच झाला. "म्हणजे अख्ख्या मंडळात नियमाप्रमाणे काम करणारा तो एकटाच," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे शुल्झेने बिअरचा घोट घेतला.

मानपत्र चौकटीतून काढलं. लीबशरने नऊ हजार चारवर रेघ मारून वर आठ हजार सातशे एकसष्ट लिहिलं, बारीक आणि सरळ, दाताचं काम करावं तसं. हेर मेत्सनर यांनी कागद हातात घेतला आणि खोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "कुठे खोडलंय ते कळतं," ते म्हणाले. "हे चांगलं केलंत."

केंद्राच्या पत्रावर मी 'निरीक्षक' या चौकटीत खूण केली. खाली नव्या निरीक्षकाचं नाव लिहायला जागा होती. तिथे माझं लिहिलं. नव्या माणसाचा गुणक बसायला तीन वर्षं लागतात, मी सहासष्ट वर्षांची आहे, हिशेब जमतो.

पुढच्या रविवारी आम्ही पाहुण्यांच्या आधी अर्धा तास वर गेलो. नवी वही, पहिलं पान, मोजणी क्रमांक एक. हेर मेत्सनर यांनी घुमट फिरवला, ऊन मानेवर कुठे लागतं त्यावरून फट नेमकी सूर्यावर आणली, गाळणी दोनदा चाचपून पाहिली आणि दुर्बीण लावली. मग बाजूला झाले. मी वाकून डोळा लावला.

"सांग," ते म्हणाले. "काय दिसतंय?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. हातात ना त्यांच्या पेला होता ना माझ्या. मी भिंगापासून मान वर केली नाही. ते माझ्या शेजारी नुसते उभे होते, वही आणि पेन्सिल घेऊन, उत्तराची वाट बघत.

"थांब जरा, एगोन," मी म्हणाले. "मोजतेय."

ती मोजणी मला दोनदा करावी लागली, डाग सारखे पाण्यातून पाहावेत तसे हलत होते. शेरा या रकान्यात मी लिहिलं: हवा अस्थिर.